खांबाशेजारचा पाहुणा

मी या भुताखेतांच्या ग्रुपवर फक्त वाचायला येते, आणि वाचते तेही हसण्यासाठी, हे आधीच कबूल करते. कुणाच्या गाडीवर मागे कोणीतरी बसतं, कुणाला घाटात बाई दिसते... जेवणाच्या सुट्टीत मी असले किस्से आवाज बदलून वाचून दाखवायचे आणि आमचं अख्खं पॅकिंग सेक्शन हसून लोळायचं. अमावास्येला नवी स्कूटी घेतलेली बाई आहे मी. रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली की लोक वळसा घालतात, मी उचलून कचऱ्यात टाकते. तेव्हा आता तुमच्यापैकी कुणी मला हसलं तर माझी तक्रार नाही. हसा, पण शेवटपर्यंत वाचा. मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे.

चाकण एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे शेठचं, मी तिथलं ऑफिस बघते. हजेरी, डिस्पॅच, चहाचं दूध, शेठचा राग... सगळं माझ्याच टेबलावरून जातं. पत्र्याचे लहान लहान पार्ट बनतात आणि मोठ्या गाडीकंपन्यांना जातात. राहायला मी आकुर्डीला, पण माहेर भांबोलीचं, म्हणजे वर्कशॉपपासून अगदी जवळ. माझा धाकटा भाऊ नवनाथ याच वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर सेटर आहे. होता. काय लिहावं तेच कळत नाही... सेटर म्हणजे प्रेसमध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवणारा. डाय जरा जरी सरकली तर माल वाया जातो, आणि कधी कधी बोटंही जातात. नवनाथ या कामात पक्का, आणि तोंड अखंड चालू. त्याच्या लग्नाचं बघत होतो. मुलगी बघायला गेलो तर तिथेही पठ्ठ्या तिच्या वडिलांना खो-खो हसवून आला.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता इथल्या एका मोठ्या कंपनीतला परदेशी साहेब मायदेशी परत चालला होता. असे साहेब जाताना घरातलं सगळं सामान विकून जातात आणि आमच्या भागातल्या छोट्या शेठलोकांची चंगळ होते. आमचे शेठ सोफा आणायला गेले आणि सोफ्याबरोबर काचेच्या पाच-सहा फ्रेमा घेऊन आले.

"मॅडम, अँटिक आहे हे," शेठ म्हणाले. "जुन्या पुस्तकातली पानं आहेत. लाकडावर कोरायचे आणि मग त्याचा छाप काढायचे. बायबलमधली गावं आहेत सगळी. परदेशी पार्टी व्हिजिटला आली की बघेल."

नदीकाठ आणि खजुराची झाडं, डोंगराच्या पोटात कोरलेल्या कबरी, एक विहीर, आणि बाकी सगळीकडे नुसती पडझड. मी म्हटलं, "शेठ, लोक कारखान्यात लक्ष्मी लावतात, तुम्ही पडक्या इमारती लावताय." शेठना ते आवडलं नाही. पण मी खोटं बोलत नव्हते.

त्यातली एक फ्रेम बरोबर माझ्या टेबलासमोर लागली. मोडके खांब, काही उभे, काही आडवे, मध्ये वाढलेली झुडपं. एका खांबाच्या पायथ्याशी एक माणूस उभा. डोक्याला कापड गुंडाळलेलं, हातात काठी, अर्धी पाठ आपल्याकडे. एवढासा, की डोकं तिळाएवढं. चित्राखाली बारीक वळणदार इंग्रजीत त्या गावाचं नाव, मला ते कधी लागलं नाही. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत मी त्या माणसाकडे बघत बसायचे, त्यामुळे तो तिथे होता हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन.

नवनाथला ती चित्रं फार आवडली. चहाला आला की नाक काचेला लावून बघायचा. "ताई, कोरणाऱ्याचा हात बघ कसा चाललाय," म्हणायचा. "जवळनं नुसत्या रेघा, लांबनं बघ, ऊन पडल्यागत वाटतंय. अन् सगळं उलटं कोरायचं, आपल्या डायवानी. एक रेघ चुकली की ठोकळा फुकट. न्हाई बा, आपल्याच्यानं न्हाई व्हायचं."

मग खंडेनवमी आली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते. मशिनी पुसायच्या, झेंडूचे हार घालायचे, हळद-कुंकू, नारळ, पेढे. आणि त्या दिवशी हात सुटला की सुटतो... प्रेस, फोर्कलिफ्ट, मापं घ्यायचा व्हर्निअर, माझा कॉम्प्युटर, प्रिंटर, वॉटर कूलर, भिंतीवरचं आग विझवायचं सिलिंडर, कुणालाच सोडत नाहीत. आमच्याकडे भटजी येत नाही. नवनाथच आंघोळ करून, नवा शर्ट घालून ताट घेऊन फिरतो.

ऑफिसात आला आणि फ्रेमांनाही कुंकू लावत सुटला. फोटो भिंतीवर आहे म्हणजे त्याला कुंकू लागणारच, त्यात विचार कसला? बाकीच्या चित्रांत कुंकू कुठे आभाळाला लागलं, कुठे दगडाला. माझ्या समोरच्या चित्रात मात्र त्याने मुद्दाम त्या माणसावर बोट टेकवलं. तो अख्खा माणूस बोटाखाली झाकला गेला. मग माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून फ्रेमेखालच्या फायलींच्या कपाटावर ठेवला, वर अक्षता टाकल्या आणि हात जोडून, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पाव्हणं, लई लांबनं आलाय. उभं का? या, बसा, पानी घ्या."

आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात जास्त हसले.

सुट्टीनंतर कामावर आलो तेव्हा हार सुकले होते. ते उतरवून घेतले, बाकी काही नाही. घरी पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून देवाला निरोप देतो, पण यंत्रांची उत्तरपूजा कोण करतं? कपाटावरचा ग्लास रिकामा होता. सुट्टीत उडून गेलं असेल पाणी, एवढंच माझ्या मनात आलं. मी काच पुसायचा स्प्रे घेऊन फ्रेमांवरचं कुंकू पुसायला लागले.

माझ्या समोरच्या चित्रात, कुंकवाखाली, माणूस नव्हता.

पुसला गेला म्हणाल तर कुंकू काचेवर होतं आणि चित्र काचेच्या आत. जिथे तो उभा होता तिथे खांबाच्या रेघा सरळ खालपर्यंत आल्या होत्या, जमिनीच्या रेघा एकीतून एक पुढे गेल्या होत्या. मध्ये कुठे खाडाखोड नाही, पांढरा डाग नाही. जणू कोरणाऱ्याने तिथे कधी माणूस कोरलाच नव्हता. मी शेठना बोलावलं. शेठ म्हणाले, "होता का माणूस? माझं काही लक्ष नाही गेलं." मग पूजेच्या दिवसाचा ग्रुप फोटो मोबाइलमध्ये शोधून बघितला. फ्रेम त्यात होती, पण काचेवर ट्यूबलाइट चमकली होती, नेमकी तिथेच. मी चित्राचा मोबाइलवर फोटो काढला आणि नवनाथला बोलावून चित्र दाखवलं. मला वाटलं काहीतरी टवाळकी करेल. त्याने बघितलं आणि एवढंच म्हणाला, "व्हय. त्यो खाली शॉपमधी हाय, माझ्या प्रेसपाशी."

पुढचे काही दिवस मी त्याची थट्टा समजून सोडून दिलं. पण त्याच्या प्रेसशेजारी एक उलटा क्रेट ठेवलेला दिसायला लागला आणि त्यावर पाण्याचा ग्लास. कुणाला बसू द्यायचा नाही त्यावर. सुरुवातीला पोरं त्याची मजा घ्यायची, "काय नवनाथभाऊ, पाव्हण्याला चहा चालंल का?" तोही हसायचा. मग त्याचं हसणं कमी कमी होत गेलं. मी एकदा बाजूला घेऊन विचारलं, काय दिसतं तुला?

"काय न्हाई गं. बसलेला आसतो. म्हातारा हाय, पाय धुळीनं भरल्यात. लई बोलत न्हाई, नुसतं पानी मागतो. भ्या नको, वाईट न्हाई त्यो."

मला भीती त्या म्हाताऱ्याची नव्हतीच. प्रेसची होती. आणि झालंही तसंच. एका दुपारी प्रेस चालू असताना नवनाथ एकदम मागे उडी मारून ओरडला, "आवो, हात काडा तिथनं!" सगळं शॉप थांबलं. प्रेसजवळ तो सोडून कोणीही नव्हतं. घामाने भिजला होता. "त्यो डायला हात लावून बघत व्हता," म्हणाला. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. चिडले नव्हते, घाबरले होते. "मॅडम, त्याला मी प्रेसवर उभा करू शकत नाही. उद्या याचीच बोटं गेली तर मी तुमच्या आईला काय तोंड दाखवू?"

चिंचवडच्या डॉक्टरांकडे नेलं. स्कॅन केला, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग मानसोपचारवाल्या डॉक्टरीणबाई, त्या फार चांगल्या आहेत, अजूनही औषध त्यांचंच चालू आहे. गोळ्यांनी त्याला झोप लागते. उठला की पहिलं काम म्हणजे ग्लास भरणं. मुलीकडच्यांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी फोन घेणं बंद केलं.

आम्ही दवाखान्यात होतो त्याच दिवशी शेठनी सगळ्या फ्रेमा कुदळवाडीच्या भंगारात देऊन टाकल्या. शॉपमधली पोरं काम सोडायला निघाली होती, शेठचाही इलाज नव्हता. मी आणि मिस्टर कुदळवाडीला जाऊन गोडाऊन-गोडाऊन हिंडलो. काच सापडली, लाकडाच्या पट्ट्या सापडल्या. कागद रद्दीत गेला होता आणि रद्दीची गाडी निघून गेली होती. आता ज्याच्यासमोर उभं राहून हात जोडावेत, ते चित्रही उरलं नाही.

हो, हात जोडायची वेळ आली होती माझ्यावर. मी, लिंबू-मिरची कचऱ्यात टाकणारी... आईच्या आग्रहाखातर गावच्या गुरवाकडे गेले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "पोरी, बोलावलंय म्हंजी निरोप द्यायला पायजे. पर निरोप देताना नाव घ्यावं लागतं, कुठं जा म्हनून सांगावं लागतं. तुला ह्याचं नाव ठाव हाय का? गाव? दिशा?" मला काहीच ठाऊक नव्हतं. मग, गाव तरी कळेल म्हणून, मी पिंपरीच्या चर्चमध्ये गेले. तिथले पाद्री मराठीच, नगरकडचे. मोबाइलवरचा फोटो त्यांनी मोठा करून बघितला, खालचं नाव वाचलं आणि म्हणाले, "हे कैसरिया, बायबलमधलं समुद्रकाठचं जुनं बंदर. पण ताई, आमच्यात चित्राची पूजाच नसते, तर विसर्जन कुठून असणार? आणि तुम्ही सांगता तो माणूस कोणी संत वगैरे नसणार. जुन्या चित्रांत असा एखादा माणूस उभा करत. खांब केवढा उंच आहे हे बघणाऱ्याला कळावं, एवढ्यासाठी." त्यांनी नवनाथसाठी प्रार्थना केली. माझ्यासाठीही केली. मी बाहेर येऊन पायरीवर बसून रडले.

कारण मला एकदम त्या म्हाताऱ्याची दया आली होती, आणि स्वतःचा रागही आला होता. एवढी वर्षं तो माणूस उन्हात उभा होता, दुसऱ्या कशाची तरी उंची कळावी म्हणून. त्याच्याकडे बघून लोक खांब मोजत आले. 'उभं का? या, बसा, पाणी घ्या' असं त्याला पहिल्यांदा माझा भाऊ म्हणाला. मी त्याच्या जागी असते तर मीही आले असते.

नवनाथ आता भांबोलीला आईजवळ असतो. एका दुपारी मी तिथे होते. तो गोळी घेऊन आत झोपला होता, आई शेजारी गेली होती. दारापुढच्या ओट्यावर त्याने भरून ठेवलेला ग्लास होता. मी ठरवलं, आज नजर काढायची नाही. बसले बघत. वारा नव्हता, मांजर नव्हतं. आणि पाणी खाली गेलं. एकदम नाही... थोडं गेलं, थांबलं, परत थोडं गेलं. थकलेलं माणूस घोट घेतं तसं. पार तळाला गेलं. मी ओरडले नाही, पळाले नाही. उठले, आत जाऊन ग्लास भरून आणला आणि परत तिथेच ठेवला. दुसरं काय करणार होते?

त्यानंतर चालणं सुरू झालं. तुमच्याकडे कसं आहे माहीत नाही, आमच्याकडे पाहुणा निघाला की त्याला दारातून हात हलवून मोकळं होत नाहीत. वेशीपर्यंत सोडायला जायचं, एसटीत बसवायचं, गाडी हलली की मग माघारी फिरायचं. आमचे वडील तसे होते, नवनाथही तसाच. एक दिवस तो म्हणाला, "त्यो निघतोय. सोडून येतो." आईला हायसं वाटलं. संध्याकाळपर्यंत आला नाही म्हणून शोधलं तर तळेगावच्या रस्त्याला सापडला. पुढच्या वेळी तळेगावच्या पार पुढे, कामशेतजवळ. त्याच्या शर्टाच्या खिशात मी माझा नंबर ठेवते, कुणीतरी भला माणूस फोन करतो, मिस्टर गाडी काढतात. दर वेळी पायांना फोड आलेले, ओठ उन्हाने फुटलेले. दर वेळी पश्चिमेकडे. दाराला कुलूप घातलं तर दारापाशी बसून राहतो, जेवत नाही. आईने एकदा त्या रिकाम्या ओट्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "पाव्हण्याला जा म्हनू न्हाई, पर बाबा, माझं लेकरू वाळत चाललंय की रं."

कामशेतहून आणताना गाडीत तो रडला. लहान असतानाही एवढा रडला नव्हता. "ताई, तुमी दर टायमाला मला अर्ध्यावरनं आनता. मग त्यो तिथं एकटाच हुबा ऱ्हातो. वाट ठाव न्हाई त्याला. दिस मावळला की परत आपल्या घरी येतो, अन् दुसऱ्या खेपेला पयल्यापासनं निघतो. किती चालायचं म्हाताऱ्यानं?"

त्या दिवशी मी ठरवलं की आता अडवायचं नाही, बरोबर जायचं. मी रजा टाकली आहे. मी आणि नवनाथ चालणार, मिस्टर मागून गाडी घेऊन. डॉक्टरीणबाईंना सांगितलंय. त्या नाराज आहेत, पण गोळ्या बांधून दिल्या आहेत.

लोक म्हणतात भास आहे. असेल. मग त्या चित्रातल्या रेघा कुणी जोडल्या? माझ्या डोळ्यांदेखत पाणी कुणी प्यायलं? मला याचं उत्तर सापडलेलं नाही आणि खरं म्हणजे आता मला ते नकोही आहे. मला एवढंच विचारायचं आहे — ज्याचं गाव कळलं पण नाव माहीत नाही, ज्याचं चित्रही उरलेलं नाही, अशा पाहुण्याला निरोप कसा देतात? तुमच्याकडे, कुठल्याही धर्मात, कुठल्याही गावात अशी काही रीत असेल तर कृपा करून खाली लिहा. थट्टा करणाऱ्यांनीही लिहा, मी सगळं वाचेन.

उद्या सकाळी निघतोय. आज दुपारी मी भांबोलीला भाकरी थापत होते आणि नवनाथ चुलीपाशी बसला होता. बऱ्याच दिवसांनी चेहरा जरा मोकळा होता. मी विचारलं, "किती लांब सोडायचं रे त्याला?"

"समुद्रापर्यंत," तो म्हणाला. "फुडं होडी हाय म्हनतो."

भाकरी तव्यावर करपली. मी ती तशीच उतरवली आणि शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "आणि तू? तू माझ्याबरोबर परत येणार ना?"

त्याने ओट्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"ते इचारायचं ऱ्हायलं, ताई. आता इचारतो त्याला."

तो उठून बाहेर गेला. मी चुलीपुढे बसून राहिले. ओट्यावरून त्याचा हळू आवाज येत होता आणि मी कानांवर हात ठेवले.